रेग्युलेटर वीज बनवत नाही

मोटरसायकलची बॅटरी वारंवार उतरायला लागली की हल्ली गॅरेजमध्ये, स्पेअर पार्टच्या दुकानात आणि रायडर्सच्या गप्पांत एकच सल्ला ऐकू येतो: "जुना आरआर काढून टाक आणि मॉसफेट बसव. पन्नास अँपिअरचा घे, पुन्हा बघायला नको." आरआर म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर. सल्ला देणारी माणसं सहसा मनापासून बोलत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची गाडी खरोखर सुधारलेली असते. तरीही हा सल्ला आज ज्या सरसकट पद्धतीनं दिला जातो, ती पद्धत चुकीची आहे. तिच्यापायी लोकांचे पैसे जातात, चांगले भाग विनाकारण बदनाम होतात आणि मूळ दुखणं तसंच राहून गाडी ताम्हिणीत किंवा आंबोलीत भर पावसात उभी राहते.

रेग्युलेटर बदलायला माझा विरोध नाही. योग्य गाडीत योग्य प्रकारचा रेग्युलेटर बसवला तर चार्जिंगचं आयुष्य वाढतं, हे मी पुढे सविस्तर मांडणार आहे. माझा विरोध आहे तो निदान न करता एक डबा काढून दुसरा लावण्याला आणि त्याला 'अपग्रेड' म्हणण्याला.

मुळात गाडीत काय घडतं ते पाहू. कारच्या अल्टरनेटरमध्ये फिरणाऱ्या भागावर फील्ड कॉइल असते. रेग्युलेटर तिच्यातला करंट कमी-जास्त करतो, त्यानुसार चुंबकत्व कमी-जास्त होतं आणि गरजेपुरतीच वीज तयार होते. जुन्या मोटरसायकलींचा डायनॅमो याच तत्त्वावर चालायचा. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० मध्येही फील्ड कॉइलच होती. आजच्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये मात्र क्रँकच्या टोकाला कायमचुंबकांचा कप असतो, ज्याला मेकॅनिक नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात, आणि तो स्थिर स्टेटर कॉइलभोवती फिरतो. या चुंबकाची ताकद कमी करायची काही सोय नाही. इंजिन फिरतंय तोवर कॉइलमध्ये वीज तयार होतच राहते. गाडीला ती हवी आहे की नको, याच्याशी कॉइलचा संबंध नाही.

मग जास्तीच्या विजेचं करायचं काय? आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत वापरला जाणारा शंट रेग्युलेटर सोपा मार्ग धरतो. बॅटरीचा व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या आसपास गेला की तो कॉइलच्या वायरी आतल्या आत शॉर्ट करतो. व्होल्टेज खाली आला की सोडतो, चढला की परत शॉर्ट करतो. सेकंदाला शेकडो वेळा हे चालू असतं. बॅटरी वाचते, पण कॉइलमधला करंट थांबत नाही. तो बॅटरीकडे जाण्याऐवजी रेग्युलेटरमधून फिरून कॉइलमध्येच परत येतो. म्हणजे तुम्ही हेडलाइट लावा किंवा बंद ठेवा, कॉइल जवळजवळ पूर्ण करंट वाहत असते.

आता मॉसफेटचा दावा तपासू. जुन्या शंट रेग्युलेटरमध्ये शॉर्ट करण्याचं काम थायरिस्टर करतात. शॉर्टच्या वाटेत थायरिस्टरवर सुमारे एक व्होल्ट आणि डायोडवर सुमारे एक, असे मिळून दोन व्होल्ट पडतात. वीस अँपिअर वाहत असतील तर त्या छोट्या डब्यात चाळीस वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं, यावरून अंदाज यावा. सीटखाली कोंडलेल्या जागी, जिथे वाऱ्याचा झोत पोचत नाही, तिथे हा डबा हात लावू देत नाही आणि एक दिवस आतून फुटतो. थायरिस्टरच्या जागी बसणाऱ्या मॉसफेटचा रोध काही मिलिओहमच असतो. तेच वीस अँपिअर त्यातून गेले तर चाळीसऐवजी चार-पाच वॅटवर भागतं. हा फरक खरा आहे, मोठा आहे आणि नाकारण्यासारखा नाही. ज्याचा रेग्युलेटर दर मोसमात जळतो आणि कॉइल, वायरिंग दोन्ही ठणठणीत आहेत, त्याच्यासाठी मॉसफेट हे चोख उत्तर आहे.

पण कॉइलचं काय? समजा प्रत्येक फेजच्या गुंडाळीचा रोध ०.१५ ओहम आहे आणि तिच्यातून वीस अँपिअर जातायत. रोध गुणिले करंटचा वर्ग, म्हणजे एका फेजमध्ये साठ वॅट आणि तिन्हींत मिळून एकशेऐंशी. हा थंड तांब्याचा हिशोब झाला. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे कॉइल १३० अंशांवर गेली की तोच आकडा अडीचशे वॅटच्या पुढे जातो. रेग्युलेटरमध्ये थायरिस्टर असो की मॉसफेट, शंट पद्धत तीच असेल तर हे अडीचशे वॅट कमी होत नाहीत. डाव्या कव्हरच्या आत, गरम ऑइलच्या संगतीत, कॉइल पूर्वीसारखीच भाजत राहते. 'मॉसफेट लावला की कॉइल वाचते' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते धडधडीत खोटं आहे. थंड राहतो तो रेग्युलेटर.

जळलेली कॉइल कधी हातात घेऊन पाहिलीय? अनेकदा सगळे पोल सारखे काळे झालेले नसतात. जिथे ऑइलचे शिंतोडे पोचतात तिथलं वॉर्निश मधाच्या रंगाचं राहतं, आणि वरच्या बाजूचे दोन-तीन पोल कोळशासारखे झालेले असतात. नखानं खरवडलं तर इनॅमल पापुद्र्यासारखं सुटतं आणि खाली उघडं तांबं दिसतं. असा पोल शेजारच्या गुंडाळीला किंवा बॉडीला टेकला की एक फेज गेली. गाडी तरीही चालते, कारण उरलेल्या कॉइलमधून थोडीफार वीज येत असते. बॅटरी मात्र हळूहळू उतरत जाते, आणि मालकाला वाटतं रेग्युलेटर गेला. नवा रेग्युलेटर बसवला की नव्या वायरीमुळे आणि बाहेरून चार्ज करून लावलेल्या बॅटरीमुळे आठवडाभर बरं चालतं. नंतर पुन्हा तेच.

दुसरा दावा अँपिअरचा. "पन्नास अँपिअरचा रेग्युलेटर लावला की चार्जिंग वाढतं." रेग्युलेटरवर छापलेला आकडा म्हणजे तो किती करंट सहन करू शकतो याची मर्यादा. वीज तयार करण्याशी त्याचा संबंध नाही. वीज कॉइल आणि चुंबक बनवतात, आणि त्यांची क्षमता त्या इंजिनाच्या कव्हरमध्ये कारखान्यातच ठरलेली असते. पंचवीस अँपिअर देणाऱ्या कॉइलवर पन्नासचा डबा लावला तरी पंचवीसच मिळणार. मोठ्या आकड्याचा फायदा एवढाच की डब्याला दम राहतो. तेवढाच फायदा सांगून विकला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

ही गोष्ट आयडलिंगला सर्वांत जास्त भोवते. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर जवळजवळ सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि ईसीयू. लिक्विड कूलिंग असेल तर पंखाही. कारखान्यानं हा भार धरूनच कॉइल दिलेली असते, पण त्यावर मालक फॉग लाइट, मोबाइल चार्जर आणि गरम होणाऱ्या ग्रिप चढवतो. मग सिंहगड रोडला संध्याकाळी सहा वाजता गाडी बाराशे आरपीएमवर उभी असते, पंखा फिरत असतो, आणि कॉइल त्या वेगाला जेवढं देऊ शकते त्यापेक्षा गाडी जास्त खात असते. उरलेलं बॅटरीतून जातं. जगातला कुठलाही रेग्युलेटर ही तूट भरून काढू शकत नाही. इथे उपाय भार कमी करण्याचा आहे. तरीही माणसं याच तक्रारीवर तीन-तीन रेग्युलेटर बदलतात, आणि कोणी त्यांना थांबवत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अनुभव. "आमच्या ग्रुपमध्ये इतक्या जणांनी बसवला, सगळ्यांचं चार्जिंग सुधारलं." मला हा अनुभव खोटा वाटत नाही. मी त्याचं कारण वेगळं सांगतो. नवा रेग्युलेटर बसवताना माणूस आणखी दोन गोष्टी करतो, ज्यांचं श्रेय कोणी देत नाही. तो जुना कपलर कापून टाकतो, आणि रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर फ्यूज घालून थेट ओढतो.

त्या जुन्या कपलरकडे नीट पाहा. स्टेटरकडून येणाऱ्या वायरी बऱ्याच गाड्यांत तीन पिवळ्या असतात आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये जातात. काही वर्षं चाललेल्या गाडीत ते प्लास्टिक एका बाजूनं तपकिरी झालेलं असतं, पिवळी वायर शेवटच्या इंचभर कडक होऊन तडकलेली असते, आणि आतल्या टर्मिनलची पकड सैल झालेली असते. मालवण, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावांत तर तांब्यावर हिरवा थर चढतो. अशा सांध्याचा रोध एक दशांश ओहम झाला तरी वीस अँपिअरला तिथे दोन व्होल्ट आणि चाळीस वॅट जातात. सांधा तापतो, तापल्यानं आणखी सैल होतो, सैल झाल्यानं आणखी तापतो. बॅटरीकडच्या बाजूलाही तेच. रेग्युलेटर आपल्या तोंडाशी साडेचौदा मोजून समाधानी असतो, पण फॅक्टरीच्या हार्नेसमधले चार सांधे आणि गंजलेली अर्थिंग ओलांडून बॅटरीला साडेतेराही मिळत नाहीत. हा सगळा मार्ग कापून टाकला तर जुना थायरिस्टर रेग्युलेटरही बॅटरीला भरपूर देईल. हे तपासायचं असेल तर आधी फक्त वायरिंग नवी करा, जुना रेग्युलेटर ठेवा आणि बॅटरीवर मीटर लावा. ज्या गाड्या 'मॉसफेटनं सुधारल्या' असं सांगितलं जातं, त्यातल्या अनेक खरं तर जाड वायर आणि नव्या टर्मिनलनं सुधारलेल्या आहेत, अशी माझी खात्री आहे.

एलईडीचाही असाच घोळ. "एलईडी लाव, स्टेटरला आराम मिळेल" असं सर्रास सांगतात. शंट रेग्युलेटरच्या गाडीत तसं होत नाही. साठ वॅटचा बल्ब काढून वीसचा एलईडी लावला की वाचलेले चाळीस वॅट शॉर्टच्या वाटेनं रेग्युलेटरमधून फिरतात. कॉइलला काही फरक पडत नाही, रेग्युलेटर मात्र थोडा जास्त तापतो. एलईडी लावण्यानं बॅटरीचा आयडलिंगचा ताण नक्की कमी होतो, आणि त्यासाठी तो लावावाच. पण कॉइल वाचवायची असेल तर रेग्युलेटरची पद्धतच बदलावी लागते.

ती पद्धत म्हणजे सिरीज रेग्युलेटर, आणि 'अपग्रेड' हा शब्द खऱ्या अर्थानं शोभेल तर इथेच. सिरीज रेग्युलेटर कॉइलला शॉर्ट करत नाही. बॅटरी भरली की तो वाट तोडतो, करंट थांबतो. गरज पडली की परत जोडतो. गाडीला कॉइलच्या क्षमतेच्या निम्मीच वीज लागत असेल तर कॉइल साधारण निम्मा वेळच काम करते, आणि तिच्यातली उष्णताही त्याच प्रमाणात घटते. शिंडेनगेन कंपनीचे एसएच ७७५ आणि एसएच ८४७ हे या प्रकारचे, अनुक्रमे पस्तीस आणि पन्नास अँपिअरचे रेग्युलेटर जगभरचे रायडर जुन्या गाड्यांना लावतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या दोन्हींत थायरिस्टर आहेत. त्याच कंपनीचा एफएच ०२० हा मॉसफेटचा आहे, पण तो शंट आहे. म्हणजे कॉइलच्या दृष्टीनं 'जुन्या' थायरिस्टरचा सिरीज हा 'आधुनिक' मॉसफेटच्या शंटपेक्षा सरस ठरतो. डब्यात कोणता सेमीकंडक्टर आहे हा दुय्यम प्रश्न. वीज शॉर्ट होते की थांबते, हा पहिला.

सिरीजवर घेतला जाणारा आक्षेपही ऐकून घ्यायला हवा. वाट तुटली की कॉइलच्या टोकांवरचा व्होल्टेज चढतो, जास्त आरपीएमला तो शंभराच्या वर जाऊ शकतो, आणि त्यानं इन्सुलेशन फुटेल असं म्हणतात. चांगल्या वाइंडिंग वायरचं इनॅमल याच्या कितीतरी पट व्होल्टेज सोसतं. कॉइलला मारते ती उष्णता. पण आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. जी कॉइल आधीच भाजून निघालीय, जिचं वॉर्निश तडकलंय, तिला सिरीज लावल्यावर ती लवकर बसू शकते. म्हणूनच सिरीज लावायचा तो तपासलेल्या किंवा नव्या कॉइलवर, मरू घातलेल्या कॉइलवर शेवटचा उपाय म्हणून नव्हे.

लहान आणि जुन्या गाड्यांच्या मालकांची तर सरळ फसवणूक होते. अनेक जुन्या कम्यूटर गाड्यांत आणि जुन्या बुलेटमध्ये सिंगल फेज कॉइल असते आणि तिचं एक टोक इंजिनाच्या बॉडीला अर्थ केलेलं असतं. बॅटरीला अर्धी लहर मिळते, हेडलाइट एसीवर चालतो. अशा गाडीला कोणी नुसता फुल वेव्ह रेग्युलेटर जोडून दिला तर उलट्या अर्ध्या लहरीत तीच कॉइल डायोडमधून अर्थवर शॉर्ट होते आणि तापायला लागते. आधी कव्हर उघडून ते अर्थ केलेलं टोक सोडवायला हवं, वेगळी वायर बाहेर काढायला हवी, आणि हेडलाइट डीसीवर घ्यायला हवा. हे तास-दोन तासांचं, गॅसकेटसकट करायचं काम आहे. दहा मिनिटांत 'डीसी करून देतो' म्हणणारा माणूस हे करत नाही.

"पण एवढी तपासणी करायला वेळ कुणाकडे आहे?" हा शेवटचा युक्तिवाद, आणि मला सगळ्यात जास्त चीड याची येते. साध्या मल्टीमीटरनं ही तपासणी अर्ध्या तासात होते. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून, काही तास ठेवून मोजली तर १२.६ ते १२.८ दाखवायला हवी. सेल्फ मारताना ती दहाच्या बरीच खाली कोसळत असेल तर बॅटरीच गेली, पुढचं सगळं नंतर. इंजिन पाच हजारांवर धरून बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळत असतील तर चार्जिंगला हात लावू नका, चोर भार, म्हणजे गाडी बंद असतानाही वीज खाणारा भाग, शोधा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर खरंच गेला किंवा त्याची अर्थिंग तुटली, आणि मग बॅटरी उकळण्याआधी गाडी थांबवा. कमी येत असेल तर स्टेटरचा कपलर सोडवून पिवळ्या वायरींच्या तिन्ही जोड्यांत एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत आणि आरपीएमबरोबर चढायला हवेत. एक जोडी मागे पडली तर दोष कॉइलमध्ये आहे. इंजिन बंद करून कुठल्याही पिवळ्या वायरीपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी मिळाली, तरी दोष कॉइलचाच. कॉइल पास झाली की कपलर परत जोडा, इंजिन चालू ठेवा, मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. तिथे ०.३ च्या वर काही दिसलं तर वायरिंग दोषी. मायनसच्या बाजूनंही तेच करा. एवढं करून सगळं ठीक निघालं, तरच संशय रेग्युलेटरवर.

यातली एकही पायरी गावातल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला अवघड नाही. मी असे लोक पाहिले आहेत जे मीटर न लावता, नुसत्या तापलेल्या कपलरला बोट लावून दोष सांगतात आणि बरोबर सांगतात. त्यांना कोणी विचारत नाही, कारण गिऱ्हाईक येतानाच हातात नवा डबा घेऊन येतं: "एवढा फक्त बसवून द्या." दोन महिन्यांनी गाडी परत बंद पडली की शिव्या त्या इलेक्ट्रिशियनलाच.

हातातला तो डबा अस्सल असेल याचीही खात्री नाही. नाना पेठेपासून करोल बागेपर्यंत मिळणाऱ्या नामांकित रेग्युलेटरच्या नकला वरून सारख्याच दिसतात: तेच पंख, तोच कपलर, तोच छापील नंबर. नकली मालात सेमीकंडक्टर कमी दर्जाचे असतात, आतला भाग खालच्या ॲल्युमिनियमला नीट चिकटवलेला नसतो, आणि उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. अस्सल भागाच्या निम्म्याहून कमी किमतीत 'जपानी' मॉसफेट मिळत असेल तर तो घेऊ नका. त्यापेक्षा कंपनीचा मूळ भाग नव्या सांध्यांसकट लावलेला केव्हाही बरा.

विकणाऱ्यांकडे माझी मागणी अवघड नाही. खोक्यावर 'मॉसफेट' आणि 'पन्नास अँपिअर' मोठ्या अक्षरांत छापता, तसंच शंट की सिरीज हे छापा. सिंगल फेज की थ्री फेज हे छापा. कॉइलचं टोक अर्थ केलेलं असेल तर जोडू नये, ही सूचना मराठीत-हिंदीत छापा. आणि गाड्या बनवणाऱ्यांनी स्टेटरचा रोध आणि ठरावीक आरपीएमला अपेक्षित एसी व्होल्टेज हे आकडे सर्व्हिस सेंटरच्या पुस्तकात बंद न ठेवता गाडीसोबत येणाऱ्या मालकाच्या पुस्तिकेत द्यावेत. दोन ओळी लागतील. त्या दोन ओळी हातात असल्या तर साताऱ्याच्या किंवा सावंतवाडीच्या गॅरेजमधला माणूस मीटर लावून गिऱ्हाइकाला आकडा दाखवू शकेल आणि सांगू शकेल, "तुमचा रेग्युलेटर चांगला आहे, पैसे परत घ्या, कॉइल भरून आणू."